शिवणखोलीतला उंदीर

१९ मे

पास झालो!

सरावाची शेवटची उडी आज झाली. आतापर्यंत एकदा गाईंच्या कळपात पडलो, एकदा कुंपणावर आणि एकदा चीफच्या गाडीच्या टपावर, पण हाडं शाबूत आहेत. चीफ म्हणजे आमच्या तळाच्या प्रमुख, मार्व्हा हॅव्हरकॅम्प. टपाला पडलेल्या खड्ड्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पडायला येतंय तुला. बाकीचं शिकशील." झालं, आता मी विमानातून जंगलातल्या आगीवर उडी घेणारा माणूस. ब्यूटला घरी आईला फोन केला. ती म्हणाली, "आग विझवायला रस्त्याने जाता येत नाही का रे?" म्हटलं, अगं, जिथे रस्ताच नाही तिथेच आम्हाला टाकतात. "मग परत कसा येशील?" चालत. सगळं सामान पाठीवर घेऊन. यावर ती म्हणाली, पेस्टी करून पाठवते. पेस्टी म्हणजे आमच्याकडची मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी.

नाव मात्र गेलं. इथली रीत अशी, की आगीवरची पहिली उडी होईपर्यंत प्रत्येक नव्या माणसाचं नाव नेड. यंदा आम्ही नवे दोघं, मी आणि स्पोकेनची कॅसिडी. तीही नेडच. जेवणघरात आरोळी उठते, "नेड, कॉफी!" की आम्ही दोघं एकदम उठतो आणि एकमेकांवर आदळतो. आईला हे सांगितलं तर भडकलीच. "एल्डन नाव ठेवताना तुझ्या बापाशी तीन दिवस भांडले मी, ते काय यांच्यासाठी?"

एक उडी झाली की नाव परत. एवढ्या मोठ्या उन्हाळ्यात एक उडी काय, सहज होईल.

२४ मे

नेडला एकट्याने सोडत नाहीत. पहिल्या उडीला एक जुना जोडीदार लावून देतात, आणि तो उडाला तरच नेड उडतो. मला व्हर्लिन स्ट्राउड मिळाले. नशीब काढलं! तळावरचे सगळ्यात जुने. माझ्या जन्माआधीपासून उड्या मारतायत.

त्यांना चार सप्टेंबरला सत्तावन्न पूर्ण होतात. त्यानंतर सरकार उडी मारू देत नाही. शिवाय गेल्या वर्षी गुडघा गेला, म्हणून चीफनी यंदा त्यांना आगीवरची एकच उडी मंजूर केलीय, माझ्याबरोबरची. ती झाली की त्यांनी सूट उतरवून ठेवायचा आणि निवृत्त होईपर्यंत शिवणखोलीत बसायचं. म्हणजे माझी पहिली ती त्यांची शेवटची.

मी म्हटलं, "तुम्ही अगदी उतावीळ झाला असाल."

"हो ना," ते म्हणाले आणि बूट पुसत बसले. आधीच पुसलेले होते.

२ जून

आगीशी दोन हात करायला आलो आणि हातात सुई आली. इथे उडी मारणारे सगळेच शिवतात. सूट, पिशव्या, पट्टे, सगळं आपलं आपण शिवायचं, असा जुना दंडक आहे. शिवणखोलीत जाऊन बघा: दारातून आडवं होऊन शिरावं लागतं असले सहा बाप्ये ओळीने मशीनवर बसलेत, जिभेचं टोक बाहेर, आणि दोऱ्याच्या ताणावरून हमरीतुमरी चाललीय. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तुझी दुहेरी शिवण म्हणजे दारू प्यालेल्याची चाल." तो माणूस खरंच उठून बाहेर निघून गेला.

खोली ओपल रास्क यांच्या ताब्यात आहे. पूर्वी स्वतः उड्या मारायच्या, आता शिवण तपासतात आणि विमानाच्या दारात उभं राहून इतरांना खाली सोडतात. दोन्हीकडे चेहरा एकच.

जोडीदाराच्या सुटाची दुरुस्ती नेडने करायची. व्हर्लिन यांच्या सुटाचा उजव्या पायावरचा खिसा जुना झालाय, तो काढून नवा लावायला सांगितलाय. त्या खिशात दोर असतो. पॅराशूट झाडात अडकलं की त्या दोराने माणूस खाली उतरतो. खिशाची शिवण बोटभर जरी उसवलेली दिसली तरी उडी रद्द. पूर्ण दिवस घालवून शिवला. ओपलबाईंनी खिसा ओढून बघितला, नखाने खरवडला आणि म्हणाल्या, "चालेल." इथे "चालेल" म्हणजे बाहेरच्या जगातलं लग्न ठरलं!

१४ जून

सायरन!! उडीच्या यादीत सगळ्यात वर आम्ही दोघं. धावत गेलो, सूट चढवले. जोडीदाराने जोडीदाराला तपासायचं असतं. मी वाकून व्हर्लिन यांचा खिसा बघितला. चांगली वीतभर शिवण उसवलेली, दोर बाहेर लोंबतोय!

"अरेरे," व्हर्लिन म्हणाले.

पुढचे दोघं विमानात चढले. आम्ही धावपट्टीवर उभे. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. व्हर्लिन विमान ठिपका होईपर्यंत बघत राहिले. चेहरा असा निवांत, की वाटलं माणसाने दुःख गिळावं तर असं. मग म्हणाले, "चला. अजून शिल्लक आहे."

"काय?"

"दिवस रे. उन्हाळा." आणि मला जेवणघरात नेऊन स्वतःच्या वाटणीचा केक खायला घातला. मी त्यांची शेवटची उडी घालवली, आणि ते मला चेरीचा केक देतात. अशी माणसं आता होत नाहीत.

२७ जून

पुन्हा तेच. सायरन, सूट, खिसा उसवलेला. या वेळी तर टाक्यांच्या दोन रांगा घातल्या होत्या! चीफ आल्या, खिसा बघितला, मला बघितलं. "नेड, तुझ्या आईने तुझ्या शर्टाला बटण लावायला शिकवलं होतं की नाही?" सगळ्यांसमोर.

ओपलबाईंनी उसवलेला दोरा उजेडात धरला. "हा तुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "कापलाय."

"म्हणजे दोराच वाईट आला असणार," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग व्हर्लिन यांच्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. मग त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझा टाके उसवायचा काटा कोणी नेला? महिन्यात तिसऱ्यांदा गेलाय."

"मी घेतला होता," व्हर्लिन म्हणाले. "नखं साफ करायला."

मला ते जरा गलिच्छ वाटलं, पण वयस्कर माणसाला काय बोलणार.

६ जुलै

आज हसून हसून पोटात दुखतंय, आणि मला हसायचा काही हक्क नाही.

चार दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेहळणीच्या मनोऱ्यावरून फोन, की दरीतून धूर येतोय. व्हर्लिन यांचा सूट अजून माझ्या मशीनखाली, त्यामुळे आम्ही बादच. कॅसिडी नेड आणि तिच्याबरोबर पाच जण गेले. वरून त्यांनाही धूर दिसला. उड्या मारल्या. खाली उतरल्यावर कळलं, की पावसानंतर ओल्या झाडांतून वाफ उठते तसलं धुकं होतं. आग नाहीच. सहा माणसं कुऱ्हाडी परजून धुक्यावर धावून गेली.

रस्ता कुठेच नव्हता. तेव्हा सगळं सामान, भिजून दुप्पट झालेली पॅराशूटं पाठीवर घेऊन ती मंडळी आज परत आली. वाटेत अस्वलाने डबाबंद मांस खाल्लं, डब्यासकट.

मग रात्रीच्या जेवणाला खरा प्रश्न निघाला. धुक्यावर उडी मारली तर नाव परत मिळतं का? कॅसिडी म्हणाली, "मी उडी मारली तेव्हा मनात आगच होती!" एक जण म्हणाला, मनातल्या आगीवर सगळेच उड्या मारतात, त्याचं काय. दीड तास वाद झाला. हात वर करून मतं घेतली, बरोबरीत सुटली. शेवटी चीफनी निकाल दिला: अर्धं नाव परत. आता ती कॅस. उरलेलं "इडी" खऱ्या आगीनंतर.

मला त्या अर्ध्याचासुद्धा हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

११ जुलै

चीफनी बोलावलं. "ज्याला शिवता येत नाही त्याच्या हातात मी दुसऱ्याचा जीव देत नाही. अजून एकदा तो खिसा उसवला, तर तू ब्यूटला परत. जमिनीवरच्या तुकडीत फावडी मार."

मी पुरता हादरलोय. ब्यूटच्या तुकडीत पाच वर्षं फावडीच मारली. दर उन्हाळ्यात डोक्यावरून ते विमान जायचं आणि मी मान वर करून बघत बसायचो. दोनदा अर्ज नाकारला गेला. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा आईने सगळ्या गल्लीत सांगितलं, अगदी तिचं ज्यांच्याशी पटत नाही त्यांनासुद्धा. आता काय तोंड घेऊन जाऊ? शिवता आलं नाही म्हणून परत आलो, असं सांगू?

माझी शिवण वाईट नाही. स्वतःची फुशारकी म्हणून लिहीत नाही, माझा स्वतःचा सूट मी शिवला, त्याचा एक टाका हललेला नाही. मग हाच खिसा का?

१२ जुलै

सापडलं! आंघोळ करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोरा तुटलेला नाही, कापलाय. कोण कापतं? उंदीर!

कॅसला सांगितलं. ती म्हणाली, "उंदीर फक्त व्हर्लिन यांचाच सूट कसा कुरतडतो?" त्यालाही उत्तर आहे. व्हर्लिन खिशात शेंगदाणे ठेवतात. ती काहीतरी बोलणार होती, मग "सापळे लाव, छान कल्पना आहे," म्हणाली आणि घाईघाईने निघून गेली.

गावात जाऊन सापळे आणले. मोठे, खारीलाही आवरतील असे. शेंगदाण्याचं लोणी लावून व्हर्लिन यांच्या कपाटात सुटाच्या मागे ठेवले. कुणाला सांगितलं नाही, कारण बातमी फुटली की उंदीर सावध होतो.

१५ जुलै

उंदीर नाही. मात्र एक सापळा उडालेला आहे आणि लोणी तसंच. हुशार जनावर दिसतंय.

व्हर्लिन आज अंगठ्याला भलं मोठं फडकं बांधून आले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, दारात सापडला. बिचाऱ्यांच्या मागे साडेसातीच लागलीय. मीच त्यांचं मांस कापून दिलं. ओपलबाई समोर बसल्या होत्या, त्यांना ठसका लागला आणि सूप नाकातून आलं. वय झालं की गिळायला त्रास होतो म्हणतात.

जेवण झाल्यावर व्हर्लिन यांच्याबरोबर धावपट्टीच्या कडेला बसलो. मी विचारलं, निवृत्त झाल्यावर काय करणार?

"घर आहे गावात," ते म्हणाले. "डोरीन, माझी बायको, गेल्यापासून बंदच आहे म्हण. एक खुर्ची आहे आणि एक टीव्ही. दोघंही मला ओळखत नाहीत." मग थोड्या वेळाने, "तू लहान असताना आवडीचा घास शेवटपर्यंत ताटात ठेवायचास का रे?"

"नाही. पहिला खायचो. भाऊ पळवायचा."

"मी ठेवायचो," ते म्हणाले. "इतका वेळ ठेवायचो, की आई ताट उचलून न्यायची."

भुकेले असतील म्हणून मी आईने पाठवलेली शेवटची पेस्टी त्यांना दिली.

२२ जुलै

संपलं.

सायरन झाला. आम्ही वर. खिसा उसवलेला. या वेळी तीन रांगा होत्या, आणि दोरा मासे पकडायच्या दोऱ्याइतका जाड. चीफ ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "रविवारी बस आहे." कॅस गेली, तिला खरी आग मिळाली, तिचं नाव पूर्ण झालं.

मी शौचालयात जाऊन रडलो. सत्तावीस वर्षांचा घोडा.

२३ जुलै

बॅग भरत होतो. व्हर्लिन आले, म्हणाले, "हे काय?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! मला वाटत होतं, ठाऊक असेल. म्हटलं, "चीफनी काढलं मला. तुमचा खिसा टिकत नाही ना. चूक माझीच आहे. तुमची शेवटची उडी माझ्यामुळे राहिली, याचं मला सगळ्यात वाईट वाटतंय." आणि पुन्हा रडायला लागलो. जोडीदारासमोर, भलामोठा मोजा हातात धरून.

व्हर्लिन यांचा चेहरा पांढराफटक पडला. पलंगावर बसले. "तुला काढलं? शिवणीवरून?"

"मग काय. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"नेड," ते म्हणाले, "तुझी शिवण या तळावर सगळ्यात चांगली आहे." आणि उठून तडक चीफच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. आधी चीफचा आवाज आला, मग खूप मोठा आवाज आला, मग काहीतरी फेकल्याचा. मग हसण्याचा.

शेवटी दार उघडलं. चीफनी डोळे पुसले असावेत, धूळ फार आहे इथे. मला म्हणाल्या, "बॅग रिकामी कर. उंदीर सापडला."

काय सांगू मला काय वाटलं! मी सगळ्यांना म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? कुठे होता? केवढा होता?

"मोठा होता," ओपलबाई म्हणाल्या. "म्हातारा."

"मारला का?"

"नाही रे. त्याने शब्द दिलाय, पुन्हा करणार नाही."

सगळे माझ्याकडे बघून हसत होते, पण आपल्या बाजूने हसतायत हे कळतं माणसाला.

८ ऑगस्ट

पाऊस.

१७ ऑगस्ट

पाऊस. व्हर्लिन एकदम पालटलेत. आता तेच उतावीळ. सकाळी उठल्या उठल्या सूट चढवतात आणि व्हरांड्यात आकाशाकडे बघत बसतात. "मी नाही उडालो तर तू नेडच राहशील," मला म्हणाले. "माझ्यामुळे." मी म्हटलं, तुमच्यामुळे कसं, पावसामुळे. तर डोक्याला हात लावला.

खिसा पक्का आहे. रोज बघतो.

तळावर आता सगळ्यांनाच आग हवीय. आग विझवायचा पगार घेणारी माणसं विजेच्या गडगडाटाला टाळ्या वाजवतायत. कॅसिडीने देवाकडे मागणं मागितलं, "लहानशी दे. कुणाला त्रास न होणारी. पण विमानानेच जावं लागेल अशी." वैमानिक डच रोज इंजिन गरम करून ठेवतो आणि रोज थंड करतो.

२८ ऑगस्ट

वर डोंगरावर बर्फ पडलं. संपला हंगाम. चीफ म्हणाल्या, तीन तारखेला व्हर्लिन यांना निरोपाचं जेवण द्यायचं. व्हर्लिन "बरं" म्हणाले. आज त्यांनी सूट घातला नाही. त्या वेशात बघायची इतकी सवय झाली होती, की साध्या शर्टात फार लहान दिसले. मला वाईट वाटलं.

३ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं. बोटांना अजून राखेचा वास आहे.

दोन-तीन दिवस चांगलं ऊन पडलं होतं. दुपारी धावपट्टीजवळ मेजं मांडली. चीफ स्वतः शेगडीवर हरणाच्या मांसाचे सॉसेज भाजत होत्या. बटाट्याचं सॅलड होतं, मका होता. भाषणं चालू झाली आणि वाऱ्याचा एक सोसाटा आला, शेगडी आडवी झाली आणि निखारे पलीकडच्या चढावर. वरचं गवत वाळलेलं होतं. भप्प! चादरीएवढी आग लागली, आणि एका पडक्या ओंडक्याने पेट घेतला.

आगीपासून आम्ही धोंडा टाकला तर लागेल एवढ्या अंतरावर. सगळे फावडी घेऊन धावले. मीही. आणि चीफची अशी किंकाळी आली, की मी जागच्या जागी थिजलो.

"खबरदार कोणी विझवली तर!"

सगळे थांबले.

"ही या तळाच्या हद्दीतली आग आहे," चीफ म्हणाल्या. "यादीत वर कोण आहे?"

ओपलबाई म्हणाल्या, "स्ट्राउड आणि नेड."

"मग सायरन कोण वाजवणार? मी?"

व्हर्लिन हातात मक्याचं कणीस घेऊन उभे होते. "मार्व्हा," ते म्हणाले, "चालत जाता येईल."

"चालत जायला आपण काय जमिनीवरची तुकडी आहोत? सूट चढवा!"

सायरन वाजला. आम्ही पळालो. व्हर्लिन लंगडत पळाले, पण पळाले. सूट चढवले. मी वाकून त्यांचा खिसा तपासला, टाका न् टाका. पक्का. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. डचने विमान उडवलं आणि जिथून उडालो त्याच्याच डोक्यावर घिरट्या घालायला लागला. दारातून खाली बघितलं तर आगीभोवती आख्खा तळ गोल करून उभा, कॅसिडी पाण्याचा पाइप रोखून, कुणी आगीला पुढे जाऊ देत नव्हतं आणि कुणी विझूही देत नव्हतं. चीफ मधूनमधून तिच्यात देवदाराची बोंडं टाकत होत्या.

ओपलबाईंनी वारा बघायला रंगीत कागदाच्या पट्ट्या सोडल्या. त्या बरोब्बर सॅलडमध्ये पडल्या. "वारा समजला," त्या म्हणाल्या. व्हर्लिन दारात बसले, पाय बाहेर. मला वाटलं, घाई करतील. ते बसून राहिले. डोंगर बघितले, नदी बघितली, बराच वेळ. ओपलबाईंनी 'उड' म्हणून खांद्यावर थाप मारायला हात उचलला होता, तो तसाच हवेत धरून ठेवला. डचने न सांगता आणखी एक फेरी मारली. मग व्हर्लिन मान हलवून म्हणाले, "हं," आणि थाप बसली. मग माझ्या खांद्यावर.

उडी काय वर्णन करू! ओरडलो एवढं आठवतंय. मी मेजांजवळ उतरलो आणि माझं पॅराशूट सॅलडवर पसरलं. धरतील का ही उडी, असं विचारलं तर चीफ लांबूनच ओरडल्या, "सॅलड आगीच्या हद्दीत येतं!"

व्हर्लिन मात्र चढावरच्या एकुलत्या एक मोठ्या देवदारात अडकले. खाली एवढं मोकळं रान! पाय जमिनीपासून दोन पुरुष उंच. कुणीतरी शिडी आणली.

"शिडी परत न्या," वरून आवाज आला. "माझ्याकडे दोर आहे."

मग त्यांनी उजव्या पायाचा खिसा उघडला. शिवण टिकली. दोर बाहेर काढला, पुस्तकात दिलंय तसा ओवला, गाठ मारली, गाठ तपासली, पुन्हा तपासली. आणि मग ते नुसतेच लोंबकळत राहिले. हळूहळू गोल फिरत होते. कुणीही घाई करा म्हटलं नाही. खाली आग मरायला टेकली, तेव्हा चीफनी स्वतःच्या खुर्चीचा पाय मोडून तिच्यात घातला.

"एल्डन!"

मी मागे वळून बघितलं, कोणाला हाक मारतायत म्हणून. मे महिन्यापासून हे नाव फक्त फोनवर ऐकलं होतं.

"एल्डन, येतोय मी," व्हर्लिन म्हणाले, आणि एका हाताने दोर सोडत सोडत, अगदी हळू, खाली आले.

आग आम्ही दोघांनीच विझवली, बाकी सगळे लांब जाऊन जेवायला बसले. कुदळीने माती ओढली, ओंडका फोडला, निखारे कालवले. फार तर कॉफी प्यायला लागते एवढा वेळ. मग हातमोजे काढून राख चाचपायची. हाताची मागची बाजू राखेवर ठेवून ऊब आहे का बघायचं, इंच न् इंच. दोन्ही जोडीदार गार म्हणाले की आग संपली, असा नियम आहे.

चाचपता चाचपता व्हर्लिन म्हणाले, "एल्डन, तुला सांगायचं होतं. तो उंदीर..."

"जाऊ द्या हो," मी म्हटलं. "त्याचा तरी काय दोष? त्याला काहीतरी हवं असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, अंगठा पाठीमागे लपवत म्हणाले, "हो रे. हवं होतं."

ऊन उतरलं. खाली मेजं आवरायला घेतली. कुणीतरी आमच्यासाठी दोन ताटं झाकून ठेवली आणि आम्हाला हाक न मारताच निघून गेलं. आम्ही सगळी राख दोनदा तपासली होती. व्हर्लिन अजून गुडघे टेकून एकाच जागी बसलेले, तळहात उलटा करून राखेवर.

"इथे अजून थोडं गरम आहे," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी सरकत गेलो. त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. राख थंडगार होती, खालची माती ओली.

"आहे की," मी म्हटलं. "चांगलंच गरम आहे. बसावं लागेल."

आणि आम्ही बसलो.